सैल हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, कॉलेजातल्या एकाही मैत्रिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे कारण फारसं चांगलं नाही, मला कळतं. पण सध्या माझ्याकडं तेवढंच आहे.

सुरुवात कुठून करू? सरळ सांगायला गेलं तर पटकन संपेल, आणि मग ते फार लहान दिसेल — लोकरीचा एक तुकडा, त्याच्या कडेला पडलेल्या चुण्या. एवढंच ना, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच म्हणत आले. आता तसं म्हणायचाही कंटाळा आला आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गाव गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. मी शहरात आले तेव्हा एसटीच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. दादा आधीच वाळूजला कंपनीत लागला होता. तिकडं खोल्या स्वस्त होत्या, पण माझं कॉलेज जवळ पडावं म्हणून त्यानं उस्मानपुऱ्यात घर केलं — एक खोली, पुढं चिंचोळा ओटा, मागं स्वयंपाकापुरती जागा. खिडकीपाशी माझं टेबल. ते टेबल ठेवल्यावर झोपायला किती जागा उरते याचा विचार कुणी केला नाही. केला असेल तर वहिनीनं केला असेल. ती बोलली नाही.

वहिनीचं नाव सारिका. आठवीनंतर तिची शाळा सुटली. वयानं माझ्यापेक्षा मोठी, पण मी नणंद, म्हणून मला ‘ताई, तुम्ही’ म्हणायची — अजून म्हणते. मी तिला ‘तू’ म्हणते. आमच्याकडं असंच असतं, तेव्हा त्यात काही वाटलं नाही. दादाची मुलगी परी तेव्हा रांगत होती. वहिनीचा दिवस म्हणजे परी, डबे, धुणं आणि नळाला पाणी यायची वाट. गावाकडं ती कायम बायकांत असायची, खुरपायला गेली तरी दहाजणी सोबत. इथं शेजारणी कामाला जायच्या, येता-जाता हसायच्या, दार लावून घ्यायच्या. “इथं बोलाया माणूसच नाय ओ ताई,” असं ती मला म्हणाली होती. एकदाच.

मला मात्र माणसं मिळाली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाहीन आपांचं घर होतं. वयस्कर बाई, एकट्या राहायच्या, खाली शिवणकाम करायच्या. वरच्या लांबलचक खोलीत संध्याकाळी बायका आणि मुली क्रोशाचं काम करायला जमायच्या. मी ब्लाउज शिवायला टाकायला म्हणून गेले आणि तिथंच बसले. असं बसणं मला कॉलेजात कुठंच जमलं नव्हतं. तिथं मी तोंड उघडलं की मुली एकमेकींकडं बघायच्या — माझ्या ‘व्हय’ला, माझ्या ‘लई’ला. आपांकडं कुणी तसं बघत नव्हतं. तिथं सगळ्यांचीच भाषा सरमिसळ.

काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय माझी लबाडी तुम्हाला कळणार नाही. आपांकडं रंगीत पलंगपोस व्हायचे. प्रत्येकीनं आपल्या पसंतीच्या रंगांचं एक मंडल विणायचं — मधल्या कडीपासून सुरू करून फेरीमागून फेरी, पाकळ्या, जाळी, शिंपले, जसं सुचेल तसं. पण गोलाला गोल जोडता येत नाही, मधे फटी राहतात. म्हणून शेवटच्या फेऱ्या सायीच्या रंगाच्या लोकरीनं घालून गोलाचा चौकोन करायचा. ते माझ्याकडं होतं. गोलाच्या कडेचे चार सारखे भाग पाडायचे. जिथं कोपरा हवा तिथं उंच टाका, म्हणजे जोडखांब. तिथून बाजूला सरकताना टाका बुटका करत न्यायचा, खांब, मग अर्धा खांब, आणि बाजूच्या मध्यावर मुका खांब — अगदी दबलेला. उंच टाका कोपरा बाहेर ओढतो, बुटका टाका बाजू आत धरून ठेवतो. आतला गोल कुठंच तुटत नाही, त्याला फक्त कोपरे येतात. टाके कमी पडले तर वाटी होते. जास्त झाले तर कडेला चुण्या पडतात, झालरीसारख्या, आणि मग काही केलं तरी तो तुकडा सपाट बसत नाही.

मला हे लवकर जमलं. आपा मला कोनेवाली म्हणायच्या. मी जिना चढून आले की म्हणायच्या, “आ गई गे कोनेवाली. लाओ अपने अपने गोल, सीधे करके देती.” सगळ्या हसायच्या. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला त्या शहरात दुसरं नाव नव्हतं.

उरलेली लोकर मी घरी आणायचे. वहिनी माझं बघून शिकली. मी शिकवलं असं म्हणणार नाही — मी पुस्तक घेऊन बसलेली असायचे, ती भाजी शिजेपर्यंत सुई चालवायची. माझं बारावीचं वर्ष होतं ते. एक दिवस तिनं मंडल पुरं करून माझ्या टेबलावर ठेवलं. राणी रंग, पोपटी, हळदी, मधे एकच जांभळी फेरी. जोडीला कुणी घेणार नाही असे रंग, आणि तिच्या त्या गोलात ते गुण्यागोविंदानं नांदत होते. फरशीवर ठेवलं तर पोळीसारखं सपाट.

“आपांना दावता का?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “मला बी येऊ देतील का त्या तिथं? परीला घेऊन बसंन मी कोपऱ्यात. तरास नाय व्हायचा कुणाला.”

दादा जेवत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, “जा की. गल्लीच्या तोंडाला तर हाय. तेवढंच मन रमंल.”

हे विसरू नका. घरातून तिला कुणीही अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मंडल आपांना दिलं. आपा आधी उलटी बाजू बघायच्या, मग सुलटी. बराच वेळ बघत राहिल्या.

“किसका हाथ है गे ये?”

वहिनीचा, मी म्हणाले. सारिका नाव तिचं.

“कलसेच लेके आ उसकू. इत्ता अच्छा हाथ, और घर में बिठाके रखे तुम लोगां?”

मग ते मंडल हातोहात खोलीभर फिरलं. कुणी जांभळ्या फेरीवरून बोट फिरवलं, कुणी विचारलं की राणी रंगाशेजारी पोपटी घालायची हिंमत कशी झाली. मी माझ्या जागेवर बसले होते, हातात कुणाचा तरी अर्धा चौकोन. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

आपांचं घर ते आमची खोली, अंतर काहीच नाही. त्या संध्याकाळी मी मधल्या पिठाच्या गिरणीपाशी उगाच थांबले. काय चाललं होतं माझ्या मनात? मी स्वतःला सांगत होते — परीक्षा जवळ आली आहे. संध्याकाळी वहिनी तिकडं गेली तर भाकरी कोण थापणार? दादाच्या पाळीचा डबा? आज परीला घेऊन जाईल, उद्या परी रडली की मलाच सांभाळावी लागेल. माझा अभ्यास, माझी टक्केवारी, गावाकडं सगळ्यांनी धरलेली आशा. हे सगळं खरं होतं. पण मी जिना उतरले तेव्हा मला भाकरी आठवत नव्हती. मला आपांचा चेहरा आठवत होता, उलटी बाजू बघतानाचा. माझ्या कामाकडं त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं.

घरी आले. वहिनी हात पुसत दारापर्यंत आली.

“काय म्हणल्या?”

मी म्हणाले, रंग आवडले त्यांना. पण चौकोन होत नाही म्हणाल्या. कडेला फुगतंय. हात सैल आहे म्हणाल्या.

ती आपल्या हाताकडं बघायला लागली. तळहाताकडं, मग बोटांकडं. “सैल? पण सपाट व्हतं की ओ.”

“गोलात कळत नाही ते,” मी सांगितलं. “चौकोन करायला घेतलं की सैल हात उघडा पडतो.”

असं काहीही नसतं. मी ते जागच्या जागी रचलं. इतकं सहज की मला स्वतःलाच क्षणभर पटलं.

तिलाही पटलं — जवळजवळ. ती म्हणाली, “मग तुम्ही करून बघा की एकडाव. तुम्हाला जमतंय ते.”

इथं मला थांबता आलं असतं. उद्या बघू म्हणता आलं असतं, मंडल पिशवीत टाकून ठेवता आलं असतं. मी खाली बसले, सायीच्या रंगाची लोकर घेतली आणि तिच्यासमोर तिचं काम बिघडवलं. चार भाग मुद्दाम कमी-जास्त धरले. बाजूच्या मध्यावर मुके खांब घालायचे तिथं जोडखांब घातले, एकेका टाक्यात दोन-दोन. माझे हात इतके सरावलेले की चुकीचं घालतानाही अडखळले नाहीत. ती परीला मांडीवर घेऊन बघत होती. तिला गोल विणता येत होता. चौकोनाची रीत आमच्या घरात माझ्या एकटीला ठाऊक होती. मधे एकदा मी म्हणालेसुद्धा, “बघ, मी तर नीटच घालतेय.” ते का म्हणाले? तिनं विचारलं नव्हतं.

कोबीच्या पानासारख्या चुण्या पडल्या. वहिनीनं तो तुकडा फरशीवर ठेवला, एक बाजू दाबली की दुसरी वर यायची. “खरंच की,” ती म्हणाली. “माझाच हात सैल.”

रात्री तिनं तो गादीखाली ठेवला. सकाळी काढून बघितला, पुन्हा ठेवला. दबंल म्हणायची. बरेच दिवस ती आणि परी त्याच्यावर झोपल्या. मी शेजारी झोपत होते, मला ठाऊक होतं की तो दबणार नाही. माझी कड तेवढी उसवली असती तर खालचं मंडल पहिल्यासारखं सपाट निघालं असतं, आणि तिला सगळं कळलं असतं. मला त्याची भीती वाटत होती. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ती उसवत बसली होती. पण कडेपाशी थांबली नाही. एका दमात ओढत ओढत पार मधल्या कडीपर्यंत गेली, आणि रंगारंगाचे गुंडे करून माझ्या टेबलावर ठेवले. “तुमच्या कामाला येतील,” म्हणाली.

आले. मी ते वापरले.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण आपा विचारत राहिल्या. वो कब आ री? सारिका कू बोली क्या? एक-दोनदा मी परीचं आजारपण सांगितलं. मग एकदा त्यांनी सुई थांबवून विचारलं, “घरवाले नक्को बोले क्या?”

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली. जणू त्यानं काही फरक पडतो.

आपांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाल्या, “तेरेकू तो भेजते ना?”

हो, मी म्हणाले.

“हौ. बेटी की बात अलग, बहू की अलग.” आणि त्यांनी पुढचा तुकडा हातात घेतला.

त्या काय समजल्या ते मला तिथंच कळलं. आमच्या घरातले आपली सून मुसलमानाच्या घरात पाठवत नाहीत, असं त्या समजल्या. माझ्या दादाबद्दल — ज्यानं जेवता जेवता ‘जा की’ म्हटलं होतं त्याच्याबद्दल. मी तसं बोलले नव्हते. पण ‘नाही आपा, तसं नाही’ असंही म्हणाले नाही. त्यांना वाटलं ते वाटू दिलं, कारण मग त्या पुन्हा विचारणार नव्हत्या. आणि त्यांनी वहिनीला बोलावण्याबद्दल खरंच पुन्हा विचारलं नाही.

त्याआधीच्या ईदला आपांनी माझ्या हाती शीरखुर्म्याचा डबा घरी पाठवला होता. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून वहिनीनं त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिले होते, आणि आपांनी ते सगळ्यांना एकेक वाटले होते. पुढच्या ईदला आपांनी मला वाटी भरून दिली, तिथंच. खा ले यहीच, म्हणाल्या. डबा दिला नाही. आमच्या घरात त्यांच्या हातचं चालत नसेल, असंच वाटलं असणार त्यांना. मी ती वाटी संपवली.

घरी वहिनीनं विचारलं, “औंदा आपांनी खुर्मा नाय दिला व्हय?” आणि मग हळूच, “माझं ते काम बघून राग आला आसंल का त्यांना?”

विसरल्या असतील, मी म्हणाले.

बारावीला मला चांगले गुण पडले. त्यानंतर बी. ए. झालं, आता एम. ए.चं शेवटचं वर्ष आहे. गावच्या शाळेनं मला बोलावून शाल-नारळ देऊन सत्कार केला, चार शब्द बोलायला लावले. मी बोलले की घरातल्या बाईला उंबऱ्याबाहेर पडू द्या. वाचलेलं नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं, मनापासून बोलले — हे मला आज सगळ्यांत जास्त विचित्र वाटतं. वहिनी बायकांत बसली होती. तिनं सगळ्यांसोबत टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलेला तो शब्द तिच्या अंगाला चिकटून बसला आहे. चपातीची कड जाड झाली की म्हणते, सैल हात माझा. परीच्या फ्रॉकची शिवण उसवली की तेच. दादा चिडवतो, “ए सैल हात, डब्याचं झाकण तरी घट लाव.” ती हसते. पाहुणे आले की स्वतःच सांगते, क्रोशाचं केलं व्हतं मी एकडाव, पण हात सैल, नाय जमलं. क्रोशाची सुई तिनं पुन्हा हातात धरली नाही. आमच्या शेजारची एक बाई नंतर आपांकडं जायला लागली. ती संध्याकाळी आपलं पोरगं वहिनीपाशी ठेवून जायची. वहिनीनं त्याला परीसोबत भात भरवला, वर्षभर.

सांगायचा प्रयत्न केला का कधी? केला, असं म्हणवत नाही. एकदा निकालाच्या दिवशी ती माझ्या कपाळाला कुंकू लावत होती तेव्हा तोंडाशी आलं होतं. मी पाणी मागितलं.

आपा मागच्या वर्षी मुलीकडं हैदराबादला कायमच्या गेल्या. आम्ही बायका त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. त्या सगळ्यांना काही ना काही सांगत होत्या, ही लोकर गुलमंडीतूनच घ्या, त्या ऑर्डरीचं काम पुरं करा. मला जवळ घेऊन म्हणाल्या, “सारिका कू मेरा सलाम बोल. मैं कभी मिली नहीं उसकू, मगर हाथ याद है.”

तो सलाम मी पोचवला नाही. कसा पोचवणार? हात याद आहे म्हणाल्या, असं सांगितलं तर कोणता हात, असं तिनं विचारलं असतं.

परी आता शाळेत जाते. गेल्या महिन्यात तिनं कुठंतरी रंगीत मंडल बघितलं आणि शिकव म्हणून आईच्या मागं लागली. वहिनी म्हणाली, “आत्याकडून शिक बाई. माझ्या नादी लागू नको, माझा हात सैल हाय.” मी तिथंच बसले होते. आम्ही तिघीच होतो, दादा पाळीला गेलेला, कुणी ऐकायला नव्हतं. याहून सोपी वेळ कधी आली असती? मी परीला जवळ बसवलं आणि मधली कडी कशी घालायची ते दाखवायला सुरुवात केली. वहिनी लांबून बघत होती. जवळ आली नाही.

तिच्या हाताला काही झालेलं नव्हतं. तो सैल नव्हता. असा हात मी नंतर त्या खोलीत दुसरा पाहिला नाही, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी खोटं बोलले, ते खरं दिसावं म्हणून तिच्यासमोर बसून तिचं काम नासवलं, आणि माझा दोष माझ्या भावाच्या आणि घराच्या माथी पडू दिला. परीक्षा नसती तरी मी हेच केलं असतं असं मला वाटतं.

आज दुपारपासून मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे. मघाशी वहिनी चहा घेऊन आली. कागद भरलेले बघून तिला बरं वाटलं असावं. परी पायापाशी खेळत होती, तिला तिनं हाताला धरून उठवलं.

“हिला ओट्यावर नेते, तुमचं ध्यान मोडायला नको. कशाचं लिव्हताय एवढं?”

परीक्षेचं, मी म्हणाले.

“मग लिव्हा,” ती म्हणाली, आणि आवाज येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.